तीस वर्षं लपलेला न्यूट्रल

पकड_टेस्टर

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी कबुली देतो. गेल्या महिन्यात एका घरात तीन खेपा घातल्या, एक नवी कोरी आरसीसीबी विनाकारण बदलली, वॉशिंग मशीनला दोष दिला, आणि शेवटी चूक सापडली ती माझीच. १९९४ ची.

घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली घरमालकीण, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. वर भाडेकरू. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा चार माग खडखडायचे, आता तिथं गोडाऊन आहे. या घराचं फिटिंग मीच केलं होतं. नुकतीच लाकडी बॅटन पट्टी मागं पडून केसिंग-कॅपिंग आलेलं. खाली सहा पॉइंट, वर चार, दारामागं लाकडी बोर्ड आणि त्यावर पांढरे किटकॅट फ्यूज. एवढ्यावर घर चालायचं. फ्यूज उडाला की अक्कांचे यजमान जुन्या वायरीतली एक तार सोलून स्वतःच बांधायचे. एकदा बघतो तर तीन तारा पीळ घालून बांधलेल्या. म्हणाले, "आता उडत नाही बघ." उडणार कशाला, घर जळालं असतं तरी उडाला नसता.

आज त्याच घरात दोन फ्रीज, वॉशिंग मशीन, नातवाचा कॉम्प्युटर, वर एसी. म्हणून किटकॅट काढून डीबी (बटणांची पेटी) बसवली, फ्यूजच्या जागी आपोआप पडणाऱ्या एमसीबी लावल्या, आणि खाली एक, वर एक अशा ३० मिलीअँपच्या दोन आरसीसीबी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आरसीसीबी म्हणजे दुकानातला मुनीम. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला की गप्प बसते. मधे कुठं गळाला, ओल्या भिंतीत म्हणा की माणसाच्या अंगातून म्हणा, की हिशेब जुळत नाही आणि ती लाइन तोडते. ओव्हरलोड आणि शॉर्टशी तिला देणंघेणं नाही, ते एमसीबीनं बघायचं. किटकॅटला यातलं काहीच कळत नव्हतं. पाच अँपची तार वितळायला पाच अँपच्या वर जावं लागतं. माणूस जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा पुरतो.

दुसऱ्याच दिवशी अक्कांचा फोन. "काय की बाबा, तुझं नवीन बटण सारखं खाली पडूलालंय."

पहिली खेप दुपारी. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, सगळ्या वायरी ठणठणीत. दोन तास बसलो, काही नाही. संध्याकाळी परत फोन. दुसऱ्या खेपेला आरसीसीबी बदलली. तरी तेच. मशीन बंद ठेवलं की दोन दिवस शांतता, म्हणून मशीनवर नाव घेतलं. त्यांचा मेकॅनिक येऊन मशीन निर्दोष म्हणून गेला. अक्का माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मला चहा गोड लागेना.

तिसऱ्या खेपेला भाच्याला घेऊन गेलो. तो आयटीआय करून सोलरच्या कामात आहे. त्याच्याकडं मिलीअँप दाखवणारा लीकेज क्लॅम्प आहे, वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा. माझा म्हातारा क्लॅम्प अँपच्या खाली बोलत नाही. त्यानं खालच्या मजल्याची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात धरले. फ्रीज, मशीन, कॉम्प्युटर सगळं चालू करून ७ मिलीअँप. इलेक्ट्रॉनिक सामानात आवाज गाळायचे फिल्टर असतात, ते अर्थला थोडं सोडतातच. दोष म्हणावा असं काही नाही. तसंच क्लॅम्प लटकवून आम्ही बसून राहिलो.

दिवेलागण झाली. अक्का देवाला दिवा लावून उठल्या आणि जाता जाता जिन्याचं बटण दाबलं.

७ चे २१ झाले आणि खट्ट.

जिन्यात झिरोचा एलईडी आहे. नावाला अर्ध्या वॅटचा, पण आत कंडेन्सर घालून व्होल्टेज उतरवलेलं असतं, त्यामुळं १४ मिलीअँप ओढतो. त्याची फेज खालून गेलेली आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा. म्हणजे करंट जायचा खालच्या मुनिमाच्या खात्यातून आणि परत यायचा वरच्याच्या. कुणी केलं असलं काम? मीच. १९९४ ला वरचा न्यूट्रल हातभर अंतरावर होता. खालून आणायचा तर दहा मीटर वायर लागली असती. वाचवली.

तीस वर्षं त्या फिटिंगनं तक्रार केली नाही. जुन्या सामानानं आमच्या असल्या किती चुका पोटात घातल्या असतील देव जाणे. नवीन सामान चुगलखोर आहे, लगेच सांगतं. आमच्यातले बरेच वायरमन त्यावर काय उपाय करतात माहीत आहे? आरसीसीबी उडायला लागली की बायपास करून देतात. गिऱ्हाईक खूश, वायरमन घरी. मला त्याच गोष्टीचा जास्त राग येतो.

तुमच्या धंद्यात काय अनुभव? बाकी लोकांनी पण लिहा.

---

पुणेरी_पाहुणा

वाचतोय. शंका: वरच्या आरसीसीबीतसुद्धा १४ चा फरक पडणारच की. ती का नाही उडाली?

---

पकड_टेस्टर

बरोबर पकडलंत. खाली फेजमधून जास्त जात होता आणि घरातली गळतीसुद्धा त्याच बाजूची, म्हणून बेरीज. वर न्यूट्रलमधून जास्त येत होता, गळती उलट्या बाजूची, म्हणून वजाबाकी. वरच्या एसीची दोन-तीन मिलीअँपची गळती तिला सांभाळून घेत होती. शिवाय ३० ची डबी १५ पर्यंत उडायची नाही आणि ३० ला उडालीच पाहिजे, मधे कुठं उडेल ते त्या डबीच्या मर्जीवर.

---

२४_स्लॉट

पकड_टेस्टर अण्णा, चुगलखोर शब्द आवडला. माझं वाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासून. आमची कथा जरा उलटी आहे.

आमचा धंदाच मुळी चुकांवर चालायचा. मागाच्या एक एचपीच्या मोटारी जळायच्या कशानं? दहातल्या सात सिंगल फेजिंगनं. डीपीवरचा एक फ्यूज गेला की मोटार दोन फेजवर गुणगुणत राहायची, कामगाराचं लक्ष नसायचं, आणि वास आला की खेळ खलास. कुठल्या मोटारीचं वार्निश जळालंय की नुसता स्लॉट पेपर, ते वडील वासावरून सांगायचे. मोटार उघडायची, छन्नीनं एका बाजूची कॉइल छाटायची, गरम करून दुसऱ्या बाजूनं ओढायची. मग निघालेली कॉइल हातात धरून वेढे मोजायचे. मोजताना दुकानात कुणी बोलायचं नाही. एकदा चुलत्यानं मधेच "सिनेमाला येतोस का" विचारलं म्हणून वडिलांनी पाना फेकून मारला होता.

मग प्रिव्हेंटर आले, एक फेज गेली की मोटार आपोआप बंद. चांगलीच गोष्ट, पण आमचं निम्मं काम गेलं. मागच बंद पडत गेले, ते वेगळंच.

राहिलेल्यांनी ड्राइव्ह (मोटारीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) बसवले. इथं नवीन लोचा. साध्या तारेनं भरलेली मोटार ड्राइव्हवर चालवली की काही महिन्यांत शॉर्ट होऊन परत येते. ड्राइव्ह सरळ साइन वेव्ह देत नाही, व्होल्टेजचे तुकडे तुकडे फेकतो आणि त्या धक्क्यांनी तारेवरचा एनॅमल फुटतो, पहिल्या काही वेढ्यांतच. त्यासाठी वेगळी तार मिळते, जाड लेपाची. शिवाय वेग कमी ठेवला की मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, म्हणजे गार व्हायला वारा नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. तीन मोटारी फुकट भरून द्याव्या लागल्या तेव्हा शिकलो.

सीलिंग फॅन भरणं तर संपल्यात जमा. जुना पंखा ७५ वॅट खायचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. बिलाच्या दृष्टीनं नाव ठेवायला जागा नाही. पण बिघडला की आत कार्ड. कार्ड बदला नाहीतर पंखा बदला. दुरुस्ती हा शब्दच उरला नाही.

---

विडीघरकुल

रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर वाचेन. पण एक प्रश्न आत्ताच विचारते, कारण घरात रोज यावरून वाद. नवीन मीटर बसवल्यापासून बिल वाढलंय. सासूबाई विड्या वळता वळता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की मीटर पळतो. कसं तपासायचं?

---

चौथा_माग

२४_स्लॉट यांना +१. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, जकार्डवर.

लहानपणी मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ लोंबायची. भोक असेल तिथला हुक उचलायचा, नसेल तिथला नाही, आणि खाली मोर उमटायचा. १८०४ ची फ्रेंच युक्ती, आमच्या शेडमध्ये दोनशे वर्षांनीही तशीच चालू होती. कार्डं पंच करणारे कारागीर वेगळे असायचे. डिझाइन बदलायचं म्हणजे आठवडा. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड; हुकाला हुकाला मॅग्नेट, डिझाइन पेन ड्राइव्हवर येतं आणि तासाभरात चालू.

पण अण्णांच्या मुद्द्याला धरून एक किस्सा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, खांबावरचा न्यूट्रल सैल झाला. तुमच्यापैकी जाणकारांना पुढचं कळलंच असेल. तिन्ही फेज आपापसांत वाटणी करायला लागल्या, एकीवर दीडशे, दुसरीवर साडेतीनशे व्होल्ट. ऑफिसमधले दिवे पेटल्यासारखे उजळले आणि फुटले. दोन जकार्डांची पॉवर सप्लाय कार्डं गेली, एक यूपीएस गेला, पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टरसुद्धा गेला.

आणि कोपऱ्यात आजोबांच्या वेळचे साधे माग होते, तेवढे आरामात चालू. खडखड, खडखड. त्यांना पत्ताच नाही. थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागतच नाही ना! आमचा जुना जॉबर (मागांची देखभाल करणारा) हसून म्हणाला, "शेठ, म्हातारेच कामाला आले." त्या दिवशी मला ते हसू आवडलं नव्हतं.

आता प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मशीनच्या आधी व्होल्टेज बघून तोडणारा रिले आहे. आधीच बसवायला हवा होता. बसवणाऱ्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

---

उन्हातला

मी तोच क्लॅम्पवाला भाचा. मामांनी नाव घेतलंच आहे तर माझं पण ऐका.

मामा आणि त्यांच्या पिढीतले लोक हुशार आहेत, पण हत्यारावर पैसे खर्च करायचे म्हटलं की तोंड वाकडं. तोंडात टेस्टर, खिशात पकड, आणि सिरीजचा दिवा. एवढ्यावर सगळा जन्म काढला. मोजायचं नाही, अंदाज बांधायचा. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणतो अशी तक्रार आली की "कंपनीचा माल खराब" म्हणून मोकळे. अर्ध्या वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असतं. जुना पिवळा बल्ब ते दाखवायचा नाही.

सोलरमध्ये अंदाज चालत नाही. घरावरच्या तीन किलोवॅटला सहा पॅनेलची माळ, म्हणजे ३०० व्होल्टच्या आसपास डीसी. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, ताणली की लांब होते. तरी मी छतावर डीसीच्या बाजूला साधी एसीची एमसीबी लावलेली पाहिलीय. अर्धी वितळलेली. लावणारा म्हणाला, एमसीबी ती एमसीबी.

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागलं, तेव्हापासून काल छन्नी मारणारा आज छतावर चढतोय. सोलापूरचं ऊन म्हणजे सोनं, मान्य. पण गिऱ्हाइकाला नीट सांगा. सगळ्यात जास्त शिव्या मी कशासाठी खाल्ल्या असतील? लाइट गेली की सोलरही बंद पडतं यासाठी. "एवढे पैसे घातले आणि अंधारच?" अहो, बाहेरची लाइन मेली की ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर थांबलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. बॅटरीवाला हायब्रिड घेतला तर गोष्ट वेगळी, तो महाग.

अर्थिंगचं पण सांगतो. मामा अजून कोळसा-मिठाचा खड्डा करतात. जमाना केमिकल अर्थिंगचा आहे.

---

पकड_टेस्टर

भाच्यानं चारचौघांत धुतला. असू दे, क्लॅम्प त्याचाच होता. टेस्टर मात्र मी तोंडात धरत नाही, कानावर ठेवतो.

अर्थिंगवर माझं म्हणणं वेगळं आहे. कोळसा-मीठ वाईट नाही, खड्ड्यात पाणी घालायला विसरणं वाईट. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, आणि एप्रिल-मे मध्ये ती काळी जमीन अशी भेगाळते की तळवा मावेल. पाइपाभोवती ओल राहिली नाही की अर्थिंग नावापुरतं. मीठ पाइपालाही खातं, तेवढं कबूल. पण केमिकलवालेही कितीदा दीड हात खड्ड्यात रॉड ठोकून, वर झाकण बसवून, पावडर न घालताच बिल करतात. भाऊ, तूच म्हणालास ना मोजा म्हणून? मग दोन्ही मोजू. तुझा अर्थ टेस्टर घेऊन ये.

विडीघरकुल ताई, मीटरचं अगदी सोपं आहे. मीटरवर लाल दिवा मिचकावत असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो. समजा ३२०० आहे. म्हणजे ३२०० वेळा मिचकावला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा आणि शंभर वॅटचं काहीतरी एकच चालू ठेवा. साधारण ११ सेकंदाला एकदा मिचकावायला हवा. तेवढाच येत असेल तर मीटर बरोबर आहे. मग सगळंच बंद करून बघा, कितीदा मिचकावतो ते कळवा. पूर्वीचा चकतीचा मीटर म्हातारा झाला की हळू फिरायचा, आणि राउटर, सेट टॉप बॉक्स असल्या बारीकसारीक वापराला तर जागचा हलायचाही नाही. नव्याला एकेक वॅट दिसतो.

---

निवृत्त_ऑपरेटर

न्यूट्रलची चर्चा चालू आहे, मी जरा मोठ्या तारांचं सांगतो. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

मी सबस्टेशनात आयुष्य काढलं. ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवतात का? उत्तर, पूर्व, ईशान्य, सगळा पट्टा अंधारात, दुसऱ्या दिवशी साठ कोटींवर लोक. दक्षिणेला झळ लागली नाही, कारण दक्षिणेचं ग्रीड बाकीच्या देशाशी एसीनं जोडलेलंच नव्हतं. मधे एचव्हीडीसीचे, म्हणजे उच्च दाबाच्या डीसीचे दुवे, ते इकडचा धक्का तिकडं जाऊ देत नाहीत. पुढं ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिण बाकीच्या देशाबरोबर एका ठेक्यात आली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी. तो टाका आपल्या सोलापुरात घातला गेला, हे इथल्या किती पोरांना माहीत आहे? चादर, शेंगाचटणी, गड्डा यात्रा सांगतात, हे कुणी सांगत नाही.

चौथा_माग यांच्या शेडमधले जुने माग एके काळी संध्याकाळी हळू चालायचे, त्याचं कारणही हेच. ग्रीडवर ताण आला की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ४९ च्या खाली उतरायची, तितक्या प्रमाणात त्या ग्रीडवरच्या सगळ्या मोटारी मंदावायच्या. वायंडरवर (सूत गुंडाळायच्या यंत्रावर) बसलेल्या बाईला वाटायचं आपलाच हात जड झाला.

---

चौथा_माग

काका, हे अवांतर नाही, मला इतकी वर्षं वाटायचं पट्टा सैल होतो! आजोबा संध्याकाळी पट्ट्याला राळ लावायला सांगायचे.

---

विडीघरकुल

पकड_टेस्टर काका, केलं. शंभर वॅटवर ११ ऐवजी ७-८ सेकंदालाच मिचकावतो. आणि टीव्ही, फ्रीज, दिवे, पंखे, सगळं बंद केलं तरी दर बावीस-तेवीस सेकंदाला मिचकावतोच. सासूबाई म्हणतात बघ, मी काय सांगत होते.

---

उन्हातला

म्हणजे मीटर बरोबर आहे, पण ५० वॅट कुठंतरी चाललेत; शंभर वॅटच्या वेळीही तेच भरीला होते. घरात इन्व्हर्टर आहे का?

---

विडीघरकुल

आहे. भारनियमनाच्या काळातला, माळ्यावर. आता लाइट फारशी जात नाही म्हणून विसरूनच गेलो होतो. आत्ता प्लग काढला. मिचकावणं बंद!

---

उन्हातला

बॅटरी मेलीय, चार्जच होत नाही, नुसती पीत बसते. ५० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. भंगारात द्या. आणि नवीन मीटर टीओडीचा (वेळेनुसार दर लावणारा) असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटला सवलत असते. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटार दुपारी उरका.

---

विडीघरकुल

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, मीटर नाही तर इन्व्हर्टर, पण पळत होतं ना काहीतरी!

---

२४_स्लॉट

सासूबाईंना माझा नमस्कार. आमच्या दुकानात असं गिऱ्हाईक पाहिजे.

---

पुणेरी_पाहुणा

अर्थिंगच्या पैजेचं काय झालं?

---

पकड_टेस्टर

परवा रविवारी मोजलं. ओहम जितके कमी तितकं अर्थिंग चांगलं. माझा अक्कांच्या परसातला कोळसा-मिठाचा खड्डा, झाकण उघडून बघतो तर आत खडखडीत कोरडा, ११ ओहम. चार बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं ४ च्या खाली आला. भाच्यानं शेजारच्या गल्लीत वर्षापूर्वी केलेलं केमिकल अर्थिंग २.८, पाणी न घालता. मी हरलो असं तो म्हणतो. मी म्हणतो अक्कांनी पाणी घातलं असतं तर बरोबरी होती. पुढचा खड्डा केमिकलचा करणार आहे, पण पूर्ण खोल खणून, आणि हे त्याला अजून सांगितलेलं नाही. इथं वाचेलच.

जिन्याची वायर त्याच दिवशी खालून नवीन ओढली. दहा मीटरचा अंदाज होता, साडेनऊ लागली. आता संध्याकाळी सगळं चालू असतं आणि क्लॅम्प ७ च्या पुढं जात नाही. अक्कांकडून वायरचे पैसे मागितले नाहीत. त्यांनीही दिले नाहीत.